दुसऱ्या धर्माचा माणूस पाठवा!

आमच्या समितीने किती संसार सावरले ते विचारू नका. किस्से किती साचले ते विचारा! नव्वदचं दशक सरत आलं होतं. फादर मायकल, मौलानासाहेब, भजनी मंडळाच्या नलूताई आणि वसईच्या एव्हरशाईन सिटीत नुकताच फ्लॅट घेतलेली मी. रविवारी मिस्सा संपली की सांडोरला, चर्चमागच्या वर्गात, पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचो. काम एकच. ज्या घरात बाईला मार बसतो, तिथे जाऊन तो थांबवायचा.

पहिल्याच केसला फादर आपल्याच चर्चच्या एका माणसाकडे गेले. त्याने फादरांना खुर्ची दिली, केक दिला, नातवंडांकडून गाणं म्हणवून घेतलं. फादर परत येऊन म्हणाले, "तसा चांगला माणूस आहे हो."

नलूताई म्हणाल्या, "फादर, तुम्हाला केक मिळाला. तिला काय मिळालं?"

त्या दिवशी नियम ठरला. आपल्या धर्माच्या घरी आपण जायचं नाही, दुसऱ्या धर्माचा माणूस पाठवायचा. आपल्या माणसाला लोक गुंडाळतात, परक्यासमोर लाजतात!

*

मग पीटरच्या वाडीत मौलाना गेले. पीटर भरदुपारी पिऊन बसलेला. फाटकात दाढी दिसली तशी त्याने बाटली केळीच्या बुंध्यामागे लपवली.

"सॉरी मौलाना. तुमच्यासमोर दारू म्हणजे बरं नाही दिसत."

मौलाना शांतपणे म्हणाले, "और बीवी को मारना किसके सामने अच्छा दिखता है?"

पीटरची उतरली. दारू नाही सुटली त्याची, पण मारणं सुटलं. बायकोने पुढच्या रविवारी मौलानांसाठी भाजीची टोपली पाठवली.

*

एका मुसलमान घरी नलूताईंना पाठवलं. सासूने चहा ठेवला आणि सरळ विचारलं, "आप के यहाँ औरत को नहीं मारते?"

नलूताईंना खोटं बोलता येत नाही. त्यांनी ब्लाऊजची बाही वर सरकवून दंडावरचा वळ दाखवला. सासूने आपली मान दाखवली. सून दारात उभी राहून बघत होती. दोघी म्हाताऱ्या रडल्या आणि चहा तसाच गार झाला.

त्या घरातला मार थांबला. सासूच मुलाच्या आणि सुनेच्या मध्ये उभी राहायला लागली म्हणे. नलूताईंच्या घरातला थांबला का, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही.

*

पोलिसांना आमची समिती भलतीच आवडायची! तीन धर्म एका फोटोत मावतात ना. मिरवणुकीचे दिवस आले की आम्हाला स्टेजवर बोलावून हातात हात द्यायला लावायचे. एकदा नवीन साहेब म्हणाले, "तुमची माणसं सांभाळा बरं का, रस्त्यावर हाणामारी नको."

मौलाना म्हणाले, "साहेब, आमची माणसं रस्त्यावर शहाण्यासारखी वागतात. मारतात ती घरी गेल्यावर!"

साहेब हसले. आम्हाला कुणालाच हसू आलं नाही.

*

चंदनसारच्या संगीताचं सांगायला नको वाटतं. पण ते टाळून बाकीचे किस्से सांगणं म्हणजे लबाडी होईल.

ती माहेरी आली होती. नवरा हिंदू, म्हणून नियमाप्रमाणे फादर त्याच्याकडे गेले. तो पायावर पडला, ढसाढसा रडला, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. फादरांनी येऊन सांगितलं आणि आम्ही अक्षरशः टाळ्या वाजवल्या. फादरांनी खुशीत सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, वाटली.

संगीता कोपऱ्यात बसली होती. सुकेळं हातात तसंच. तिने विचारलं, "मंग जाव का मी?"

आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, जा.

दिवाळी उलटायच्या आत ती गेली. स्टोव्ह भडकला, असं सासरचे म्हणाले. त्या रविवारी फादर प्रवचनाला उभे राहिले आणि एक शब्द न बोलता खाली बसले. वसईची सुकेळी एवढी नावाजलेली, पण मला ती आजही घशाखाली उतरत नाहीत.

*

त्यानंतर संगीताची आई, जयवंतीबाई, दर रविवारी यायला लागली. भातशेतीतली बाई. दाराजवळच्या बाकावर बसायची, कुणी चहा दिला तर प्यायची, बोलायची नाही. आम्हालाही तिच्याकडे बघवत नसे.

असाच एक नवरा-बायकोचा जोडा आला. बायकोच्या पायाशी कपड्यांची पिशवी. नवरा हमसून रडत होता. "परत हात उचलला तर हात झडू दे माझा! फक्त घरी चल म्हणा तिला." त्याने फादरांचे पाय धरले. मौलानांचे डोळे भरून आले. नलूताईंनी पदर डोळ्यांना लावला. खोटं नव्हतं हो त्याचं रडणं! आम्ही सगळे त्या पोरीच्या तोंडाकडे बघत बसलो, कधी एकदा हो म्हणते म्हणून.

जयवंतीबाई उठली. वाकून पोरीची पिशवी उचलली आणि काखेत मारली.

"चल बाय, माजे घरान चल," ती म्हणाली. "माजे पोरीची जागा रिकामीच हाय."