तांब्यातली कढी

शेजारच्या काकू मला नावाने हाक मारत नाहीत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून त्या "प्रोफेसर" म्हणतात, तेही केर काढता काढता.

त्यांच्याकडे पूजा होती. पातेलं लहान पडेल म्हणून त्यांनी सोलकढी सकाळीच तांब्याच्या हंड्यात करून ठेवली. हंड्याला आतून कल्हई नव्हती. तो आदल्या दिवशी आमसुलाने घासून लखलखीत केलेला.

मी चाचरत म्हणालो, "काकू, आपल्या खाऱ्या, दमट हवेने तांबं काळवंडतं, मग हिरवं पडतं. आमसुलाच्या आंबटाने तो थर विरघळतो, म्हणून भांडं उजळतं. पण तसंच तांबं कढीतही उतरतं. पोटाला वाईट."

"अस्सं? आणि मी मेली समजत होते, माझ्या हाताचा गुण!"

मी ओशाळून वळलो. मागे भसकन आवाज झाला. काकूंनी अख्खा हंडा परसातल्या गटारात उपडा केला होता.

जेवताना पाहुण्यांनी कढी मागितली.

"आज नाही. प्रोफेसरांनी नापास केली."

सगळे हसले. मी खाली मान घालून भात कालवत राहिलो. माझ्या एका बोलण्यावर पाच नारळांचा रस ओतून देणारं माणूस मला अजून दुसरं भेटलेलं नाही.