एक कार्ड, बिनतक्रारीचं

आधीच माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर तुम्ही वाचताना मनातल्या मनात नीट करून घ्या. शब्दही साधेच आहेत, दुसरे मला येत नाहीत. पण रिपेरिंगच्या दुकानात काम केलं की गोष्टी साठत जातात, सुट्या स्क्रूंसारख्या. कुठल्या मशीनचे ते कळत नाही, आणि टाकवतही नाहीत.

जळगावात भाऊंचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, तिथे मी कामाला लागलो. तेव्हा सेट-टॉप बॉक्स घरोघर आले नव्हते. केबलची वायर सरळ टीव्हीत जायची. आणि लोकांना नवी हौस आली होती, कॉम्प्युटरवर टीव्ही बघायची! त्यासाठी टीव्ही ट्यूनर नावाचं कार्ड आत बसवायचं, मागे केबलची वायर जोडायची आणि कॉम्प्युटरला चॅनल शोधायला लावायचे. इतकंच काम. पण त्या इतक्याच कामाने मला वेड लागायची पाळी आणली.

भाऊंनी मला महिन्याच्या बोलीवर ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सोपान, महिन्याभरात एक कार्ड असं बसवून दाखव की त्याची तक्रार येणार नाही. एकच! नाही जमलं तर रावेरला परत जा, केळीच्या पेट्या भरायला."

मला एकच वाटलं, एक कार्ड म्हणजे काय मोठं?

* * *

पहिलं कार्ड स्टेशनमागे एका आबांकडे बसवलं. घरात आबा एकटेच. चित्र झकास आलं. मी लाजतच विचारलं, "आबा, आवाज बरोबर आहे ना?"

आबा म्हणाले, "एकदम खणखणीत!"

मी खूश होऊन निघालो. संध्याकाळी त्यांचा मुलगा दुकानात हजर. "आवाजाची वायरच जोडली नाही तुमच्या माणसाने! टीव्ही मुका आहे!"

मी म्हणालो, "पण आबा तर म्हणाले..."

"आबांना चार वर्षांपासून ऐकू येत नाही!"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. "टेस्टिंगला माणूस बरा शोधलास रे!"

* * *

मग देशांचा घोळ सुरू झाला. चॅनल शोधायच्या आधी कॉम्प्युटर विचारतो, तुम्ही कुठल्या देशात आहात? मी 'इंडिया' लावलं तर निम्मे चॅनल गायब! आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर केबलचं ऑफिस होतं, तिथला लाइनमन गोटूभाऊ म्हणाला, "प्रत्येक केबलवाला आपल्या मनाने चॅनल लावतो. तू दुसरे देश लावून बघ, कुठे तरी जमेल."

म्हणून एका मास्तरांच्या घरून मी भाऊंना फोन लावला. भाऊ काउंटरवर होते, समोर गिऱ्हाईक.

"कुठे आहेस रे?"

"भाऊ, मलेशियात."

"तिथे किती दिसतात?"

"चाळीस. पण मराठी बातम्या नाहीत."

"मग सिंगापूरला जाऊन बघ. नाही जमलं तर परत फोन कर."

समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, माणसं फार लांब पाठवता हो तुम्ही! माझं काम तर इथे नेहरू चौकात आहे."

सिंगापूरला सगळे चॅनल लागले. तेव्हापासून दुकानाच्या भिंतीवर एक कागद लागला, कुठल्या भागात कुठला देश लावायचा त्याचा. भाऊ म्हणाले, "हे बरं काम केलंस." मला वाटलं, सुटलो!

तिसऱ्या दिवशी मास्तर आले. सगळे चॅनल गेले म्हणे. मी जाऊन बघतो तर देश 'इंडिया'! मास्तरांनी स्वतः बदललेला.

"माझ्या घरात सिंगापूर चालणार नाही," मास्तर म्हणाले. "मी आयुष्यभर पंधरा ऑगस्टचं भाषण केलंय!"

तक्रार ती तक्रार.

* * *

धुळ्याला भाऊंच्या ओळखीत एक कार्ड बसवायचं होतं. एसटीने गेलो. घरात एक अक्का होत्या, पलंगावर बसून माझं सगळं काम न्याहाळत होत्या. चॅनल लागले. मी वायर सोडून मागे सरकलो, चित्र गेलं. परत वायर धरली, आलं. सोडली, गेलं! असं चार-पाच वेळा झालं. कुठली पिन सैल आहे ते काही सापडेना.

अक्कांची मालिका सुरू झाली होती. त्या म्हणाल्या, "भाऊ, हात नको काढू. तुना हात शे तं चित्र शे!"

"अक्का, मला परत जळगावला जायचंय."

"जाशी ना! आते बस. जेवन करी ले."

मी डाव्या हाताने वायर धरली आणि उजव्या हाताने शेवभाजी खाल्ली. मालिका संपली, तेव्हा अक्का म्हणाल्या, "उद्या बी ये हं!"

मी दुकानात पोचायच्या आत त्यांचा फोन येऊन गेला होता. भाऊ म्हणाले, "तक्रार कार्डाची नाही. तू निघून गेलास, ही तक्रार आहे."

मी विचारलं, "मग ही धरायची का?"

"धरायची!"

* * *

त्याच आठवड्यात एका घरी चित्रावर नुसत्या मुंग्या. मी गोटूभाऊला बोलावलं. त्याने वायरकडे न बघताच सांगितलं, "मागून आहे."

मला मागून म्हणजे कुठून ते कळलं नाही, आणि विचारायची लाज वाटली. म्हणून मी वायरीमागे निघालो. घरातून गच्चीवर, गच्चीवरून शेजारच्या खांबावर. खांबाखाली पानवाला होता, त्याच्याकडेही मुंग्याच होत्या. तो म्हणाला, "मागून आहे." पुढच्या गल्लीतल्या शिंप्याने तेच सांगितलं. असा मी दुपारच्या उन्हात वर बघत बघत चालत राहिलो. दोनदा सायकलवाल्यांना धडकलो. शेवटी वायर जिथे शिरली ती जागा ओळखीची वाटली. बघतो तर आमचंच दुकान, वरच्या मजल्यावर केबलचं ऑफिस!

तिथे केबलचे शेठ बसले होते. मी धापा टाकत म्हणालो, "शेठ, मागून आहे!"

शेठनी शांतपणे खिडकीतून गच्चीवरच्या डिशच्या छत्रीकडे बोट दाखवलं, मग आकाशाकडे.

"आमचंही मागूनच आहे," ते म्हणाले.

* * *

असं करत करत महिन्यातले दोनच दिवस उरले. सात कार्डं बसवली, सातांच्याही तक्रारी आल्या. घरी आईला मी 'पक्का झालो' असं आधीच सांगून बसलो होतो.

आठवं कार्ड पिंप्राळ्यात, नानांकडे. नाना पोस्टातून रिटायर झालेले. टीव्ही जळाला म्हणून त्यांना कॉम्प्युटरवर सकाळी नऊच्या बातम्या बघायच्या होत्या. भिंतीतून केबलची वायर आलेलीच होती. मी ती जोडली, भिंतीवरच्या कागदाप्रमाणे देश लावला आणि डोळे मिटले. उघडले तर एकावन्न चॅनल! चित्र स्वच्छ. आवाज नानांनी ऐकला, त्यांच्या बायकोने, म्हणजे माईंनी ऐकला, शेजाऱ्यांना बोलावून मी त्यांनाही ऐकवला. पिना दोनदा तपासल्या. मी वायर सोडून दारापर्यंत गेलो, जिन्यापर्यंत गेलो. चित्र हललं नाही!

दुपारी नाना दुकानात आले.

"सगळं गेलं," नाना म्हणाले. "अकराच्या सुमाराला एकेक चॅनल जायला लागला. बाराला शेवटचा गेला."

भाऊंनी कॅलेंडरकडे बघितलं. नेमका गोटूभाऊ तिथे चहा पीत बसला होता. तो म्हणाला, "कोण नाना? पिंप्राळ्याचे? त्यांचं कनेक्शन तर दोन वर्षांपूर्वीच तोडलं मी!"

"मग सकाळी दिसलं ते?"

"दिसणार कसं? वायर खांबाला जोडलेलीच नाही!"

नाना घाबरले. "अरे, मग मी सकाळी कोणाच्या घरचं बघत होतो?"

आम्ही चौघंही पिंप्राळ्याला गेलो. गच्चीवर बघतो तर तोडलेली वायर माईंनी या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत ताणून बांधलेली, धुणं वाळत घालायला! धुणं तेवढं आता नव्हतं. जळगावचं ऊन, बारापर्यंत सगळं खडखडीत वाळलं होतं आणि माईंनी घड्या घालून खाली नेलं होतं.

गोटूभाऊने डोकं खाजवलं. मग माईंकडून एक टॉवेल मागितला, नळाखाली धरला आणि वायरीवर टाकला.

खालून नाना ओरडले, "आले! तीन आले!"

गोटूभाऊने टॉवेल काढला.

"गेले!"

त्याने ओली चादर टाकली.

"अरे, बारा आले!"

दहा वर्षं खांबावर चढणारा गोटूभाऊ त्या चादरीकडे बघत नुसता उभा राहिला. भाऊ एकदा माझ्याकडे, एकदा वायरीकडे बघत होते. मी हळूच विचारलं, "भाऊ, ही तक्रार धरायची का?"

नानाच जिना चढून वर आले. म्हणाले, "मला नऊच्या बातम्या दिसल्या म्हणजे झालं. माझी तक्रार नाही."

"लाइन सोमवारी ओढून देतो," गोटूभाऊ म्हणाला. "शेठ लग्नाला शिरपूरला गेलेत."

"उद्या महिना भरतो," भाऊ मला म्हणाले. "उद्या नवाला नानांना बातम्या दिसल्या तर तू पक्का. नाही दिसल्या तर दहाची रावेरची गाडी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी नानांच्या गच्चीवर गेलो, माईंच्या हातातली बादली घेतली आणि एकेक लुगडं न पिळता वाळत घालायला सुरुवात केली.