फोन शेतात, गोळी घरात

आधी माफी मागतो. आजारपणावर लिहिण्याचा हक्क आजारी माणसाचा, नाहीतर डॉक्टरांचा. मी दोन्ही नाही. मी यवतमाळला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. आजार माझ्या मोठ्या बहिणीला होता. लिहिण्याआधी तिला विचारलं. ती म्हणाली, "लिही, पन माह्यं नाव नको टाकू. अन् मले बावळट बी नको दाखवू." नाव टाकत नाही. बावळट ती नव्हती, हे वाचणाऱ्यांना कळेलच.

ताईचं सासर बाभुळगावकडे. तिला दिवस गेले होते आणि नेहमीच्या रक्ततपासणीत 'हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह' असं आलं. रिपोर्ट इंग्रजीत होता, म्हणून भाऊजींनी मला दवाखान्यात बोलावलं. मला अक्षरं वाचता आली, अर्थ कळला नाही. ताई माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हणालो, "डॉक्टरांना विचारू." तेवढंच सुचलं.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. हा लिव्हरमध्ये, म्हणजे यकृतात राहणारा विषाणू. ताईचा 'क्रॉनिक', म्हणजे बऱ्याच वर्षांपासून ठाण मांडून बसलेला. तिला कधीच त्रास झाला नव्हता, डोळेही पिवळे झाले नव्हते. आई आमच्या गावाहून, बोरी अरबहून, फोनवर म्हणत होती की कावीळ असेल तर झाडपाल्याचं औषध देणारा माणूस तिच्या ओळखीचा आहे. डॉक्टर म्हणाले, तसल्या औषधानं हा विषाणू जात नाही, उलट लिव्हरला इजा होऊ शकते.

मग त्यांनी ताईकडे वळून खरी गोष्ट सांगितली. "बाळंतपणात हा आईकडून बाळाला जाऊ शकतो. आणि इतक्या लहानपणी लागला तर बहुतेक वेळा जन्मभर राहतो. तुमच्या रक्तात विषाणू खूप आहे. तो आपल्याला बाळंतपणाच्या आधी खाली आणायचा आहे."

रक्तातल्या विषाणूच्या या मोजणीला 'व्हायरल लोड' म्हणतात. तो खाली आणायला टेनोफोव्हिर नावाची गोळी, रोज एक. लिव्हरला थोडी सूज होती, म्हणून बाळंतपणानंतरही ती चालूच राहणार होती. ताईनं एकच प्रश्न विचारला, "मंग लेकराले नाही होनार ना?" डॉक्टर म्हणाले, "गोळ्या नियमित घेतल्या आणि जन्मल्याबरोबर बाळाला इंजेक्शनं दिली, तर बहुधा नाही होणार." त्या 'बहुधा' शब्दापाशी आम्ही पुढचे कित्येक महिने अडकून होतो.

समुपदेशन करणाऱ्या मॅडमनी भाऊजींच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. ठरल्या वेळी ते वाजायचं आणि एका बाईच्या आवाजात सांगायचं, "औषधाची वेळ झाली." खाली बटण होतं, 'घेतली'. ते दाबलं की त्या दिवसाला हिरवी खूण व्हायची आणि ती माझ्याही फोनवर दिसायची. मॅडम ताईला म्हणाल्या, "फोन वाजला की गोळी घ्यायची. सोपं आहे." मीही तेच म्हणालो. ताई दुपारी निवांत जेवते, म्हणून वेळ दुपारची ठरली.

घरात फोन तो एकच. भाऊजी विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात. सुरुवातीला काम नव्हतं, ते घरीच असायचे. फोन वाजायचा, ताई गोळी घ्यायची. मग रब्बीचं ओलीत सुरू झालं, रोज कुणाची ना कुणाची मोटार जळू लागली, आणि भाऊजींबरोबर फोनही रानोमाळ फिरू लागला. माझ्या फोनवर हिरव्या खुणा मात्र येतच होत्या. वर्गात बसून त्या पाहिल्या की मला बरं वाटायचं.

पुढच्या तपासणीला व्हायरल लोड जवळजवळ होता तिथेच होता. डॉक्टरांनी माझ्या फोनवरची हिरवी ओळ पाहिली. मग ताईच्या पिशवीतली गोळ्यांची डबी घेऊन कानाशी हलवली. ती खुळखुळली. संपत आलेली डबी इतकी वाजत नाही.

"ॲप म्हणतं सगळ्या घेतल्या," डॉक्टर म्हणाले. "डबी तसं म्हणत नाही. काय झालं, बाई?"

ताई घाबरली नाही. तिला वाटलं, तिचं बरोबरच आहे. "वाजला तवा घेतली ना. वाजलाच नाही त कशी घेऊ?"

"काय वाजलं नाही?"

"फोन. मॅडमनं सांगतलं, वाजला की घे. मले वाटलं, तुमी तिकडून पाहून राह्यले. ज्या दिवशी गरज हाय त्या दिवशी वाजवून राह्यले."

भाऊजी मध्येच म्हणाले, "माह्याजवळ त रोज वाजते!"

"मग तुम्ही काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"दाबतो ना. हाताले ग्रीस असते, ते पुसतो अन् दाबतो. एक दिस चुकवला नाही, साहेब."

ताई वळून त्यांच्याकडे पाहत राहिली. "तुमी दाबून राह्यले अन् मी वाट पाहून राह्यली?"

"मले काय माहीत! मले वाटलं, मी इकडून दाबलं की दवाखान्यात कळते, अन् तू तिकडं घेऊनच राह्यली."

कुणी हसलं नाही, कुणी रागावलंही नाही. मॅडम हळूच म्हणाल्या, "आमच्या सांगण्यातच राहून गेलं." डॉक्टरांनी डबी ताईच्या हातात परत दिली. "अजून वेळ आहे, पण वाया घालवण्याइतका नाही. फोन फक्त आठवण करून देतो. तो वाजो न वाजो, गोळी रोज घ्यायची. आणि ज्यानं गोळी गिळली त्यानंच बटण दाबायचं."

ज्यांच्या घरी एकच फोन आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं. आधी फोन दिवसभर कुठे असतो ते पाहा, मग औषधाची वेळ ठरवा. आम्ही वेळ संध्याकाळची केली, भाऊजी घरी आल्यानंतरची.

यात एक अडचण होती, ती माझ्या लक्षात आली नव्हती. ताईच्या सासूला, आम्ही त्यांना मावशी म्हणतो, आजाराबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. गोळ्या ताकदीच्या आहेत असं सांगितलं होतं. पहिल्याच संध्याकाळी फोन चुलीपाशी बोलला. मावशी म्हणाल्या, "हे कोन बाई बोलून राह्यली रे तुह्या फोनात?" मग भाऊजींनी नाइलाजानं मावशींना सगळं सांगितलं.

त्या रविवारी मी गेलो तेव्हा ताईचं ताट फळीवर वेगळं ठेवलेलं होतं. मावशी मला म्हणाल्या, "माह्यं काही म्हननं नाही बापा. पन घरात लेकरू येऊन राह्यलं. रोग तो रोगच." मला उत्तर माहीत होतं. हा विषाणू रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो, एका ताटात जेवल्यानं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण बहिणीच्या सासरी मोठ्या माणसासमोर ते माझ्या तोंडून निघेना.

ताई तेच ताट घेऊन जेवायला बसली. भाऊजी हात धुऊन आले आणि तिच्या ताटापाशी बसले. त्यातलीच भाकर मोडून ते म्हणाले, "वाढ."

"अरे, काहून तिचं उष्टं खातं? दुसरं ताट नाही का घरात?"

"संगं जेवल्यानं नाही होत, डॉक्टरनं सांगतलं. माही तपासनी झाली, मले नाही. लस बी घेऊन राह्यलो."

"तू त बायकोचा वकीलच झाला!"

"वकील कायचा? मोटारवाला हाव मी. वाढ, भूक लागली."

मावशींनी वाढलं. त्या लगेच बदलल्या असं मी लिहिणार नाही. ते ताट बरेच दिवस फळीवरच होतं, आणि मग एकदा बाकीच्या ताटांत मिसळलं. पुढे पुढे तर भाऊजींना यायला उशीर झाला की मावशीच ताईला म्हणू लागल्या, "तुही ते बाई आज मुकी झाली का? गोळी घे, मंग भांडे घास." माझ्या फोनवरच्या हिरव्या खुणा आता खऱ्या होत्या, तरी मी फोन करून विचारायचोच.

बाळंतपणाआधीच्या शेवटच्या तपासणीत व्हायरल लोड उतरला होता. हवा होता तितका मात्र नाही. डॉक्टर म्हणाले, "गेलेले दिवस परत मिळत नाहीत. पण पुष्कळ उतरला आहे. आता इंजेक्शनांवर भिस्त."

मुलगी झाली. बारा तासांच्या आत तिला दोन इंजेक्शनं द्यायची असतात आणि तिला ती जन्मल्या-जन्मल्याच मिळाली. एक हेपॅटायटिस बीची लस. दुसरं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे बाळाचं अंग स्वतः लढायला शिकेपर्यंत बाहेरून दिलेलं तयार संरक्षण. घरी बाळंतपण झालं असतं तर हे राहून गेलं असतं, म्हणून हात जोडून सांगतो, असा रिपोर्ट असेल तर दवाखान्यातच जा. दूध पाजू का, असं ताईनं भीत भीत विचारलं. डॉक्टर म्हणाले, "खुशाल पाजा."

पण मुलीला लागण झाली की नाही हे लगेच कळत नाही. तपासणी बाळ नऊ महिन्यांचं झाल्यावरच करतात. तोपर्यंत लसीचे पुढचे डोस आणि वाट पाहणं. या काळात ती रांगू लागली. ताई तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात नेऊन पाहायची. मी सांगायचो, तसं पाहून कळत नाही. ती म्हणायची, "मले माहीत हाय," आणि पुन्हा पाहायची. स्वतःची गोळी मात्र तिनं चुकवली नाही.

रक्त दिल्यावर रिपोर्ट यायला उशीर झाला. भाऊजी दोनदा रिकाम्या हातानं परतले. त्या दुपारी मी वसतिगृहाच्या मेसमध्ये ताट घेऊन रांगेत उभा होतो, तेव्हा त्यांचा फोन आला. "रिपोर्ट भेटला. हे घे, ताईसंगं बोल."

तिकडून फक्त श्वास ऐकू येत होता. मी "ताई, ताई" करत रांगेतून बाहेर आलो. मग कुणीतरी फोन ओढून घेतल्याचा आवाज आला.

"हे त रडूनच राह्यली," मावशी म्हणाल्या. "मीच सांगते. पोरीले काहीच नाही. डॉक्टरनं सोता सांगतलं, लस बी चांगली लागू पडली म्हने. ऐकून राह्यला ना? आपल्या पोरीले नाही."