बारशाच्या दिवशी मी जेटीवर होतो

गोव्यात डिचोलीच्या एका खाणीवर मी ट्रक चालवायला लागलो, तेव्हा बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, पेडण्यातल्या चोपड्याला गेली होती. आमचं घरही पेडण्यातच, मोपाच्या पठारावर. तिथे काजू आणि थोडी नाचणी सोडली तर हाताला काम नव्हतं, आणि ट्रकचं लायसन नुकतंच मिळालेलं. काम सरळ होतं. खाणीवर माती भरायची, नदीवरच्या जेटीवर नेऊन ओतायची, रिकामी गाडी घेऊन परत यायचं. माती म्हणजे खनिज, पण आम्ही ड्रायव्हर तिला मातीच म्हणायचो.

राहायला खाणीजवळ एक खोली होती. सोबत सावंतवाडीकडचा एक जुना ड्रायव्हर. पहिल्या संध्याकाळी त्याने मला लॉगबुक उघडून दाखवलं आणि म्हणाला, "गाडी तुका येता. आता वही भरूक शिक."

वहीत रकाने होते: गाडी कधी निघाली, कधी पोचली, विश्रांती किती. नियमाप्रमाणे दिवसाला आठ तासांवर गाडी चालवायची नाही, मध्ये विश्रांती घ्यायची आणि आठवड्याला एक सुट्टी. वाचून मला बरं वाटलं होतं. पण जेटीवर ट्रकांची लाइन लागायची, पुढचा ट्रक हलला की आपला हलवायचा, डोळा लागला तर मागचा हॉर्न मारायचा. हा सगळा वेळ खाणीचा कारकून विश्रांतीच्या रकान्यात घालायला लावायचा.

"इंजिन बंद म्हणजे विश्रांती," तो म्हणायचा. माणूस वाईट नव्हता. त्यालाही वरून तसंच सांगितलेलं.

असं करत पहाटे अंधारात निघून दिवस मावळल्यावर परत आलो, तरी वहीत आठच तास भरायचे. पहिले काही दिवस मला याचा राग आला. मग राग येईनासा झाला. पावाचा तुकडा तोंडात असतानाच मी झोपायचो. तांबडी धूळ नाकात, कानात, भातात असायची आणि तिची चवही कळत नसे. मुलगी झाली असं चोपड्याहून आलेल्या माणसाने जेटीवर येऊन सांगितलं, तेव्हा मी "बरं" म्हटलं आणि लाइन पुढे सरकली म्हणून ट्रक पुढे घेतला.

बारसं बाराव्या दिवशी होतं आणि नेमकी त्याच दिवशी माझी सुट्टी येत होती.

गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, या आंदोलनाचे ते दिवस होते. बारशाच्या आधी दोनेक दिवस सकाळी जेटीकडे जाताना रस्त्यावर झाडं तोडून आडवी टाकलेली दिसली. मागेपुढे ट्रक अडकले. चार-पाच जण माझ्या गाडीपाशी आले.

"खंयचो तू?" एकाने विचारलं.

"पेडण्याचो."

"मराठीकडचो काय कोंकणीकडचो?"

घरी आम्ही जे बोलायचो त्याला काय म्हणतात, याचा मी कधी विचार केला नव्हता. आणि त्या वेळी तर डोळेही उघडत नव्हते. मी म्हटलं, "माका न्हीद येता."

त्यांच्यातला एक हसला. "न्हिदूं दी रे ताका," तो इतरांना म्हणाला. मी ट्रकखाली पोतं पसरलं आणि झोपलो. बाहेर घोषणा चालल्या असतील, मला काही ऐकू आलं नाही. उन्हं उतरली तेव्हा जुन्या ड्रायव्हरने पाय ओढून मला उठवलं. रस्ता मोकळा झाला होता.

बारशाच्या आदल्या दिवशी सुट्टीची आठवण करायला मी कारकुनाकडे गेलो. त्याने वही माझ्याकडे वळवली. रस्ता बंद होता त्या दिवसापुढे 'साप्ताहिक सुट्टी' असं लिहिलेलं होतं.

"तू दिवसभर झोपला होतास ना?" तो म्हणाला. "मग तीच सुट्टी झाली."

"उद्या मुलीचं बारसं आहे."

त्याने पेन खाली ठेवलं. "मी काय करू? आठवड्याला एकच देता येते."

जुना ड्रायव्हर माझ्या मागेच उभा होता. "माझी सुट्टी हेका दी," तो म्हणाला. "हेची गाडी मी चलवतंय." पण गाडीच्या वहीवर माझं नाव होतं. त्या नावाच्या जागी दुसऱ्याला बसवता येत नव्हतं. जुना ड्रायव्हर खोलीवर येईपर्यंत पुटपुटत राहिला. मी मात्र आल्या आल्या झोपलो.

दुसऱ्या दिवशी मी ट्रक चालवला. चोपड्याला पाळणा म्हणत असतील त्या सुमारास मी जेटीच्या लाइनीत होतो. रकान्यात 'विश्रांती' लिहिलं.

पुढच्या सुट्टीला मी गेलो. म्हापशाहून शिवोलीपर्यंत बस, तिथून फेरीबोटीने नदीपलीकडे चोपड्याला. सासूने दारातच अडवलं. "आदी न्हावन येया, मगे घेया तिका." न्हाताना अंगावरून तांबडं पाणी वाहत राहिलं. मग बायकोने मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं. मी तिच्याकडे पाहत बसलो.

"नाव इचारूचा नाय?" बायको म्हणाली.

"काय ठेवलं?"

"आदी तुमी सांगा. तुमच्या मनात खंयचा होता?"

मी आठवून पाहिलं. मनात काहीच नव्हतं. तसं सांगितल्यावर तिने ठेवलेलं नाव सांगितलं आणि मुलीला उचलून आत गेली. मी भिंतीला टेकलो तो झोपलोच. कोणी उठवलं नाही. जाग आली तेव्हा परतायची वेळ झाली होती.

त्या उन्हाळ्यात गोवा राज्य झालं. जेटीवर लाडू वाटले, फटाके वाजले. मी लाडू खाल्ला. पाऊस सुरू होऊन खाण बंद झाली तेव्हा घरी आलो आणि परत गेलो नाही. पुढे पेडणे-म्हापसा बसवर काम मिळालं, पण त्याला वेळ होता. तोवर मी घरी नुसता पडून असायचो. माहेराहून परत आलेल्या बायकोने एका दुपारी मुलीला माझ्याजवळ सोडलं आणि विहिरीवर गेली. मुलीला नुकतेच दात येत होते. तिने माझं बोट तोंडात धरलं आणि कडकडून चावली.

दुखलं. चांगलंच दुखलं; इतक्या महिन्यांत असं काही जाणवलंच नव्हतं. मी हात सोडवला नाही. बायको कळशी घेऊन आली तर मी रडत होतो. तिने घाबरून विचारलं, काय झालं.

"चावली," मी म्हटलं.