ताईच्या उजव्या हाताचा सत्कार

शाळेच्या माजी खेळाडूंचा सत्कार अलकापुरीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये ठेवला होता, कारण शाळेच्या मैदानावर नव्या इमारतीचं काम चाललं होतं. निमंत्रणाचा फोन करणाऱ्या गृहस्थांनीच हे मला सांगितलं, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या आवाजावरून वाटलं नाही. "एसी हॉल छे बेन, पार्किंगनी पण झंझट नथी," ते म्हणाले. माजी विद्यार्थी मंडळाचे ते सेक्रेटरी. त्यांना माझी मोठी बहीण हवी होती. तिचा नंबर कुणाकडे नव्हता, माझा कुठून तरी मिळाला.

"भालाफेकवाल्या ताई त्याच ना?" त्यांनी विचारलं.

"त्याच," मी म्हटलं.

ताई बसनं तासाभरावर करजणला राहते. लग्न होऊन गेली ती तिथलीच झाली. मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर येणारेत?"

"प्रमुख पाहुणे आहेत म्हणे."

"मग येते," ती म्हणाली.

आमची शाळा तेव्हा मराठी माध्यमाची होती. आजोबा या गुजराती शहरातल्या मराठी संस्थानच्या नोकरीत होते, बाबा सरकारी कचेरीत, आणि आमच्यासारख्या घरांतली बहुतेक मुलं त्याच शाळेत जात. ताई उंच होती, वर्गातल्या मुलांपेक्षाही. कबड्डीत, धावण्यात ती बरी होती, पण भाला हातात आला आणि ती वेगळीच कुणी झाली. तो वेळूचा भाला, पुढे लोखंडी टोक. मी तिच्याहून चार इयत्ता मागे. सकाळी तिच्याबरोबर मैदानावर जायचे आणि तिनं फेकलेला भाला उपटून परत आणून द्यायचे. ती धावत यायची, शेवटची पावलं आडवी पडायची, आणि भाला सुटताना तिच्या तोंडून हुंकारासारखा एक आवाज यायचा. घरी ती कधी आवाज चढवून बोललेली मला आठवत नाही.

तिला शिकवणारे आमचे व्यायामाचे सर. तालमीत वाढलेले, पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी. सगळी शाळा त्यांना घाबरायची. ताईवर त्यांचा जीव होता असं सगळे म्हणत. मी आता म्हणेन, तिच्या हातावर होता.

जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा जवळ आल्या आणि ताईचा खांदा दुखू लागला. आधी नुसता ठणकायचा, मग पोळी लाटताना हात मध्येच थांबायला लागला. आई तिला हाडवैद्याकडे घेऊन गेली. त्यानं खांदा दाबून पाहिला, हात झोळीत बांधला आणि सांगितलं, "पोरीला आता भाल्याला हात लावू देऊ नका. नाही तर हा हात जन्माचा जाईल."

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सर आमच्या घरी आले. त्याआधी ते कधी आले नव्हते. आईनं चहा केला. मी दाराशी अभ्यासाला बसल्याचं सोंग करून सगळं ऐकत होते.

"एकदाच फेकायचंय तिला," सर म्हणाले. "पहिल्याच फेकीत ती सगळ्यांना मागे टाकते. मग बसून राहू दे. जिल्ह्याची ढाल आपल्या शाळेला मिळते की नाही, ते या एका प्रकारावर अडलंय."

"वैद्यबुवा नाही म्हणालेत," आई म्हणाली.

"वहिनी, वैद्य असंच सांगतात. मी तालमीतले शंभर खांदे बसवलेत."

बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बघू. तिचं ती ठरवेल."

मला बाबांचा त्या वेळी फार अभिमान वाटला होता. इतर वडिलांनी सरांपुढे मान तुकवली असती. बाबांनी निर्णय मुलीवर सोडला. आणि मुलीनं ठरवलं, असं मी पुढची सगळी वर्षं धरून चालले.

दुसऱ्या दिवशी ताई गेली. सरांनी खांद्याला कसलंसं तेल चोळून घट्ट पट्टी बांधली. पहिली फेक चांगली गेली, पण पाय रेघेवर पडला म्हणून पंचांनी ती बाद केली. दुसऱ्या फेकीत भाला लांब गेला, पण दुसऱ्या एका शाळेची मुलगी अजून पुढे होती. सर ताईजवळ गेले, कानाशी काही बोलले. तिसऱ्या फेकीला तिच्या तोंडून नेहमीचा हुंकार आला नाही. भाला सगळ्यांच्या पुढे जाऊन जमिनीत रुतला आणि ताई रेघेच्या अलीकडेच खाली बसली. पोरं नाचत मैदानात धावली. मी तिच्यापाशी गेले तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "आईला सांगू नकोस इथेच."

ढाल शाळेत आली. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर काचेच्या कपाटात ती लावली गेली. ताईचा हात झोळीत होता म्हणून फोटोत ढाल वर्गातल्या दुसऱ्याच मुलीच्या हातात आहे. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आतला स्नायू तुटलाय, आता फार काही होणार नाही. तेव्हापासून तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.

सर एकदाही घरी आले नाहीत. शाळेच्या व्हरांड्यात समोर आले तर चालता चालता विचारायचे, "काय, कसंय?" आणि उत्तराच्या आत पुढे गेलेले असायचे. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरी एक मुलगी हेरली. ताई खिडकीतून मैदानाकडे बघायची नाही, इतकंच. अभ्यासात ती ठीकच होती, ठीकच राहिली.

तिची वेणी मी घालायचे. रोज शाळेच्या आधी, पाटावर बसवून. तिला ते आवडायचं नाही. केस ओढले गेले तरी ती बोलायची नाही.

लग्न जमवताना हाताचं कुणाला सांगितलं नाही. पाहायला आलेल्यांसमोर वर हात करायची वेळ येत नाही. करजणला गेल्यावर सासूबाईंनी तिला फळीवरचा डबा काढायला सांगितला, तेव्हा कळलं. सासूबाईंनी आमच्या आईला निरोप धाडला की फसवणूक झाली. आई आठवडाभर जेवली नाही धड. पण मेव्हणे चांगले निघाले. त्यांनी घरातल्या सगळ्या फळ्या खाली आणून बसवल्या. वेणी घालायलाही शिकले, वाकडीतिकडी घालायचे. ते गेले त्या वर्षी ताईनं केस कापून टाकले.

सत्काराला रविवारी सकाळी ताई पहिल्या बसनं आली. मोतिया रंगाची साडी, खांद्यावरून शाल. हॉलच्या दारात गुलाबाची फुलं देणाऱ्या मुली उभ्या होत्या, त्या आमच्याशी इंग्रजीत बोलल्या. शाळा आता इंग्रजी माध्यमाची आहे. आतल्या पडद्यावर जुने फोटो फिरत होते. त्यात ढालीचा तो फोटोही होता, दुसऱ्या मुलीच्या हातात ढाल असलेला. त्याखाली ताईचं नाव लिहिलं होतं.

"ती मी नाहीये," ताई मला हळूच म्हणाली.

"सांगू का त्यांना?"

"राहू दे."

सत्कारमूर्ती बरेच होते. क्रिकेट खेळून पुढे बांधकामाच्या धंद्यात गेलेले एक, पोहणारे एक, अमेरिकेत मॅरेथॉन पळणाऱ्या एक बाई. प्रत्येकाला शाल, हार आणि काचेची जड ट्रॉफी. मधे सरांचं भाषण होतं. ते आता काठीच्या आधारानं चालतात, पण आवाज तोच. त्यांनी मुलांना शिस्त राहिली नाही, मोबाईलनं वाट लावली वगैरे सांगितलं, आणि मग ताईकडे हात केला.

"ही मुलगी बघा. हिचा खांदा दुखावलेला होता. वैद्य नको म्हणाला. हिची आई नको म्हणाली. पण मैदानात मी हिला एवढंच म्हटलं, बेटा, शाळेची लाज आज तुझ्या हातात आहे. आणि या पोरीनं फेकला भाला. ढाल आणली. असं समर्पण आज दाखवा मला कुणी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. मी ताईकडे पाहिलं तर ती सरांकडे बघत होती, दुकानात एखादी वस्तू घ्यावी की नको असं बघतात तशी.

तिचं नाव पुकारलं गेलं. सरांच्याच हस्ते ट्रॉफी होती. तिनं ती डाव्या हातानं घेतली, उजवा खाली आधाराला लावला. फोटो काढणारा समोरून म्हणाला, "बेन, ट्रॉफी ऊंची करो. माथा उपर."

"नथी थतुं," जमत नाही असं ताईनं सांगितलं.

"शरमाओ नहीं बेन, एक ज फोटो." सूत्रसंचालन करणारा तरुण हसत पुढे आला आणि मदत म्हणून त्यानं तिचा उजवा कोपर धरून वर उचलला. ताईच्या तोंडून हलकासा आवाज आला. मी खुर्चीतून उठले.

"सोडा," ती त्याला म्हणाली. त्यानं सोडला. मग ती सरांकडे वळली. माईक त्यांच्या दोघांच्या मधेच होता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"सर, हा तोच हात. त्या दिवसापासून वर जात नाही."

सरांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "असं? मला कुणी सांगितलं नाही कधी. तूही नाही सांगितलंस."

वर्षभर ती त्यांच्या समोरून झोळीत हात घालून हिंडली होती.

मला वाटलं, आता कुणाला तरी लाज वाटेल. पण त्या तरुणानं माईक ओढून घेतला. मराठी न कळणाऱ्यांना त्यानं गुजरातीत समजावलं की या बेननं शाळेसाठी आपला हात अर्पण केला, आजही तो हात वर होत नाही, आणि आपण सगळ्यांनी उभं राहून त्यांना मान द्यायला हवा. सगळे उभे राहिले. सरसुद्धा काठी टेकून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. ताई त्या टाळ्यांच्या मधे उभी होती आणि तिला खाली उतरायला वाट कुणी देत नव्हतं.

जेवणाच्या वेळी लोक तिच्याबरोबर सेल्फी काढायला आले. मला थांबणं अशक्य झालं. मी तिला म्हटलं, "चल, इथलं अन्न नको." सयाजीगंजला बस स्टँडजवळ एका साध्या जागी आम्ही डोसा मागवला. मी एकटीच बोलत होते. सर कसे निर्लज्ज, शाळा कशी, तो मुलगा कसा, आणि या माणसाला मी आयुष्यात क्षमा करणार नाही, असं सगळं.

ताईनं डोसा संपवला, हात धुऊन आली आणि बसली.

"सरांवर एवढी का चिडतेस?" ती म्हणाली. "ते परके होते. त्यांना ढाल हवी होती."

"मग कुणावर चिडू?"

"स्पर्धेच्या त्या सकाळी मला बादली उचलेना," ती म्हणाली. "बाबा तिथेच दाढी करत होते. मी म्हटलं, बाबा, आज मला जमणार नाही, तुम्ही सरांना सांगा. ते म्हणाले, मी काल त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेलो तेव्हा हो म्हणून आलोय. आपल्या घरात दिलेला शब्द फिरवत नाहीत."

मला आठवलं, बाबा त्या संध्याकाळी सरांना पोचवायला खरंच गेले होते.

"आणि तू ऐकलंस?"

"दोनदा सांगितलं मी. दुसऱ्यांदा म्हणाले, आईला हे कळू देऊ नकोस, उगाच रडेल."

"मला का नाही सांगितलंस कधी?"

"तुला काय सांगायचं? तुझे लाडके होते ते." तिनं ग्लास बाजूला सरकवला. "मला वाटलं, आज सर तरी काही म्हणतील. म्हणून आले होते. आता तेही झालं."

करजणची बस लागली होती. मी तिला खिडकीची जागा धरून दिली. ट्रॉफीची पिशवी मी तिच्या पायाशी ठेवली, तर म्हणाली, "तूच ने, मला जड होते." मी घेतली नाही. ती पिशवी बसमध्येच राहिली की ताईनं घरी नेली, मी नंतर विचारलं नाही.

मला तिचाही राग आला होता. इतकी वर्षं गप्प राहून आता, बस स्टँडवर, डोसा खाऊन झाल्यावर तिनं हे मला दिलं. बाबा शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. तेव्हा ताई दर शनिवारी करजणहून यायची, त्यांना डाव्या हातानं भरवायची. मी म्हणायचे, किती करते बाबांसाठी. बाबा तिच्याकडे बघून रडायचे. म्हातारपणानं रडतात असं आम्हाला वाटायचं.

मंडळाचे सेक्रेटरी नंतर फोन करत राहिले. शाळेत जिद्दीचा पुरस्कार सुरू करायचाय, ताईंच्या नावानं. ताईनं नाही सांगितलं. पुरस्कार सुरू झालाच, दुसऱ्या कुठल्या तरी नावानं. आमंत्रणपत्रिकेवर एका न ओळखू येणाऱ्या मुलीचं चित्र आहे, भाला उगारलेला.

यंदा बाबांचं श्राद्ध माझ्याकडेच होतं. मी नेहमीसारखा स्वयंपाक केला. खीर ढवळताना मला वाटलं, ताई येणार नाही. ती आली, पानं मांडली, वाढायला मदत केली. बाबांचं पान वाढताना मी तिच्याकडे बघत होते. तिनं भजी जरा सरकवून लिंबाच्या फोडीला जागा केली. जेवणं झाल्यावर आम्ही दोघी आडव्या झालो. मला विचारायचं होतं की तुला बाबांसाठी हे सगळं कसं जमतं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, किंवा झोपल्यासारखी पडली होती.

निघताना चपला घालता घालता म्हणाली, "खीर चांगली झाली होती. वेलदोडा जरा जास्त."

मी म्हटलं, "पुढच्या वेळी कमी घालते."