खाली उतरणारी रेघ

चाकणच्या ज्या कारखान्यात मी क्वालिटी खात्यात आहे, तिथे नव्या इंजिनिअरांना ग्राफ कसा वाचायचा हे मीच शिकवतो. माझं एक ठरलेलं उदाहरण आहे. ज्या दिवशी तपासणीच्या टेबलावर माणसं जास्त, त्या दिवशी खराब मालही जास्त. मग तपासणारेच माल बिघडवतात का? सगळे हसतात. माल खराब निघायला लागला म्हणूनच तर तिथे माणसं वाढवलेली असतात. इतकं शिकवूनही मी स्वतः तोंडघशी पडलो, आणि भोगलं मात्र दुसऱ्याने.

आमच्या कंपनीचा कबड्डीचा संघ आहे. दोन वर्षांपूर्वी तो सारखा हरत होता. एचआरचे मॅनेजर मला म्हणाले, "मशिनचं निदान करता, तसं जरा टीमचंही करा की राव." मला हौसच. गुणपत्रकांवरचे शेवटचे आकडे एक्सेलमध्ये चढवले. एकीकडे प्रत्येक खेळाडूच्या चढाया, दुसरीकडे आम्ही किती गुणांनी जिंकलो किंवा हरलो ते. एकाची रेघ सरळ खाली उतरली. त्याच्या चढाया जितक्या जास्त, तितका पराभव मोठा. सहसंबंध उणे, आणि उणे एकच्या अगदी जवळ, म्हणजे उलटं नातं जवळजवळ पक्कं. मी रंगीत प्रिंट काढली आणि मीटिंगमध्ये सांगितलं, "याची एक चढाई वाढली की आपण साधारण दोन गुण गमावतो." हे बोलताना मला किती बरं वाटलं होतं, ते आठवलं की आजही स्वतःची चीड येते.

तो प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशिनवरचा, बीडकडचा, पस्तिशीतला कंत्राटी कामगार. संघात होता म्हणून त्याचं कंत्राट दर वर्षी पुढे चालू राहायचं. हे मला माहीत होतं. संघातून नाव गेलं आणि महिन्याभरात कंत्राटही संपलं.

शेवटच्या दिवशी गेटपास जमा करायला आला, तेव्हा तो माझ्या टेबलापाशी थांबला. रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

"साहेब, त्या कागदात म्या कुठंय, दावता का?"

मी प्रिंट पुढे केली. त्याने सगळ्यात खालच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ही कंची म्याच?"

"भोसरीची."

"त्यात सा गडी भाईर बसले व्हते, साहेब. म्या येकलाच उरलो. मंग दर खेपंला मलाच जावं लागलं."

एवढंच बोलला आणि हात जोडून गेला.

मी कपाटातली गुणपत्रकं पिशवीत टाकली आणि पिंपळे गुरवला घरी जाताना कंपनीच्या बसमध्ये वाचली. बेरजेच्या वर चढायांचा क्रम ओळीने लिहिलेला होता. मी तो पाहिलाच नव्हता. खालच्या प्रत्येक ठिपक्यात तेच. आधी बाकीचे बाद, मग हा एकटा. त्याच्या चढायांमुळे आम्ही हरत नव्हतो. आम्ही हरायला लागलो की त्याच्या चढाया वाढत होत्या. तपासणीच्या टेबलावर वाढवलेला माणूस तो, आणि त्यालाच मी माल बिघडवणारा ठरवलं होतं. नाशिक फाट्याला बस बराच वेळ अडकली. मला घरी जावंसंच वाटेना.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कंत्राट संपलेल्यांची यादी वर गेली आता. ग्राफ तुमचाच होता ना?"

पुढच्या हंगामातही संघ हरला आणि मॅनेजरांनी पुन्हा ग्राफ मागितला. या वेळी शेवटी एकटा उरणारा गडी दुसरा होता. रेघ तशीच खाली उतरली. मी प्रिंट काढली नाही. "एवढ्याशा सामन्यांवरून कुणा एकाबद्दल काही सांगता येणार नाही," असं म्हणालो. ते "बरं" म्हणाले आणि विषय संपला. आदल्या वर्षीही मी तेवढंच म्हणालो असतो, तर तो आज प्रेसवर असता.