कांगल कामाला लागला

मुलांनो, विहिरीवरच्या मोटारीची केबल दुसऱ्यांदा चोरीला गेली, तेव्हा तुमच्या काकांनी इंदापूरच्या मळ्यावर कांगल जातीचा कुत्रा आणून सोडला. जात तुर्कस्तानातली. अंग बदामी, तोंड काळं, उंची माझ्या कमरेएवढी. पुस्तकात वाचून मी त्याच्या जेवणाच्या वेळा ठरवल्या, केस विंचरायला ब्रश आणला. साखळी मात्र आणली नाही, कारण बांधून ठेवलेला कांगल म्हणे चिडका होतो.

हा सुटा असूनही चिडेना. भंगारवाला त्याला ओलांडून पोर्चमध्ये यायचा. माझ्या धुतलेल्या पायपुसण्यावर कुत्रा झोपायचा, आणि मी ते ओढू लागले की सहकार्य म्हणून एक पाय उचलायचा.

"मोठ्या मनाचा हाय गं त्यो," तुमचे आजोबा म्हणायचे आणि आपल्या बशीतला चहा त्याला पाजायचे.

ऊस कारखान्याला गेला, तसं आम्ही खतासाठी मोकळ्या रानात फिरत्या मेंढपाळांच्या मेंढ्या बसवल्या. कळप दिसताच कुत्रा उठला, थेट मेंढ्यांच्या मधोमध जाऊन बसला आणि घरी येईनाच. लांडग्यांपासून मेंढरं राखणं हे या जातीचं पिढीजात काम. लांडगा कोण, ते दुसऱ्या दिवशी कळलं. आजोबा मोटार चालू करायला गेले, तर तो असा गुरगुरला की ते चपला तिथंच टाकून परतले.

"आबा, तुमचंच कुत्रं ना ह्ये?" मेंढपाळीण हसून म्हणाली.

"व्हय. कालपातूर हुतं."

कळप हलणार, म्हणजे कुत्राही जाणार, हे उघड होतं. आजोबांना जेवण जाईना. "पोर्च तरी स्वच्छ राहील," असं मी म्हणाले, तर माझ्याशी दिवसभर अबोला. शेवटी मीच रानात जाऊन मेंढपाळणीकडं एक मेंढी विकत मागितली.

"दोन घ्या, आज्जी. एकली मेंढी वरडून जीव खाईल तुमचा."

दोन आणल्या. तो मुकाट मागं आला.

मेंढ्या आता पोर्चमध्ये असतात. लेंड्यांबद्दल मी काही लिहीत नाही. रोज सकाळी फिरून आल्यावर तुमचे आजोबा घासाची पेंढी छातीशी धरून स्वतःच्याच पायरीवर उभे राहतात. कुत्रा पेंढी हुंगतो, त्यांना हुंगतो आणि मग बाजूला सरकतो. आत येताना आजोबांचा चेहरा असा, की जणू तेच कारखान्याचे चेअरमन म्हणून निवडून आले.